फक्त मीठ चाखलं

३ मार्च, रविवार
काकांचं घर सोडलं. काकू ब्रेडच्या कपाटाला कुलूप लावायची. वीस वर्षांच्या माणसाने नाश्त्यासाठी किल्लीची वाट बघत बसायचं, हे मला पटेना. आता स्वतःची खोली. कंपालातच, कॉलेजपासून दहा मिनिटं. रांगेत नऊ खोल्या, माझी चौथी. पुढे सामाईक ओटा, टोकाला एकच नळ. मालकीण नालोंगो. जुळ्यांची आई म्हणून नालोंगो. खरं नाव बहुतेक तिलाही आठवत नसावं.

आईने सोरोटीहून बसने पोतं पाठवलं. राजमा, नाचणी-कसाव्याचं पीठ, डबाभर तीळ-शेंगदाण्याचं वाटण, धुरावलेले सहा मासे. फोनवर म्हणाली, "दोन महिने पुरव, एमुरिया. नवं पीक जूनशिवाय नाही."

दोन महिने? मी तीन पुरवीन. भिंतीवर वेळापत्रक लावलं. सोमवार राजमा. मंगळवार मासा. बुधवार राजमा, वेगळ्या पद्धतीने. वर्गातली मुलं रोज चपातीवाल्यापुढे रांग लावतात. त्यांची कीव येते.

४ मार्च
चार वाजता राजमा शेगडीवर. पाच: कडक. सहा: कडक. सात: कोळसा संपला, राजमा कडक. शेजारीण म्हणाली, आदल्या दिवशी भिजवायचा असतो. पोत्यावर तसं कुठे लिहिलं नव्हतं.
चपातीवाल्याकडून रोलेक्स घेतलं, म्हणजे ऑम्लेट गुंडाळलेली चपाती. अंडं असतं, म्हणजे पौष्टिकच. एकदा अपवाद.

५ मार्च
राजमा भिजवला. शाब्बास.
(दुसरा अपवाद. राजमा भिजतोय तोवर माणसाने काय खायचं?)

८ मार्च
राजमा भिजवल्याचं आज आठवलं. मोड आले होते. वासही. नालोंगो दारातून म्हणाली, "काय रे, कोण मेलंय आत?" फेकून दिला. वेळापत्रक जरा कडक होतं, ते लवचिक केलं. म्हणजे भिंतीवरून काढलं.

१० मार्च, रविवार
नाचणीची उकड केली. बाहेरून लापशी, आतून पीठ. उरलेलं पातेलं भिजत घातलंय.
आईचा फोन. "जेवलास?" म्हटलं, हो. "काय केलंस?" मासा, दाण्याची आमटी, भाकर. तिला इतका आनंद झाला की मी भाजीही वाढवली. खरं तर वाटणाच्या डब्यात बोट घालून खाल्लं. पण मासा, दाणे आणि पीठ हे सगळं खोलीत होतंच. फक्त एकत्र आलं नव्हतं.

११ मार्च
आज पहिला रोजा. आमच्या रांगेत रोजे करणारी एकच खोली, पाचवी, म्हणजे माझ्या भिंतीला लागून. जलियाची आई. ओट्यावर मशीन टाकून शिवते. नवरा वारला. मुलगी जलिया बारा वर्षांची, सातवीला. यंदा पहिल्यांदाच पूर्ण महिना करणार आहे. पेन्सिलीने दाराच्या चौकटीवर रेघ मारली. एक.

चार वाजता जलियाची आई म्हणाली, "एमुरिया, बाळा, एक काम कर. मी नमाजाला जाऊन येते. भांड्याकडे लक्ष ठेव आणि आमटीत मीठ बघ. जिभेला लावून थुंकलं तरी चालतं म्हणतात, पण मला ती जोखीम नको."
मी ख्रिस्ती. माझ्या जिभेला अडचण नाही. एक चमचा चाखला. दाण्याची आमटी, वर केळीच्या पानात वाफवलेली हिरवी केळी. देवा.
"मीठ कसंय?"
"बरोबर."
"देव तुझं भलं करो."
करील असं वाटलं.

१३ मार्च
संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट लक्षात आली. एका चमच्यावरून सगळ्या भांड्याबद्दल बोलणं चूक आहे. वरचं मीठ वेगळं, तळाचं वेगळं. किमान तीन नमुने हवेत: वर, मध्ये, तळाशी.

१५ मार्च, शुक्रवार
पाच नमुने. कडेचंही बघावं लागतं.

१८ मार्च
हल्ली चार वाजता ओट्यावर पुस्तक घेऊन बसतो. अभ्यासाला शिस्त आली आहे. मीठ केळ्यांसोबत कसं लागतं हेही तपासायला हवं, कारण खाणारे आमटी काही नुसती पीत नाहीत. आज एक केळं. लहान होतं.
संध्याकाळी पडद्याच्या फटीतून दिसलं. सात वाजायच्या सुमारास बांग झाली, दोघींनी खजूर खाल्ला, पाणी प्यायल्या. जलियाच्या आईने भांड्यात डोकावून आधी मुलीला वाढलं, मग स्वतःच्या ताटलीत पळीभर. म्हणाली, "मला भूकच नाही राहिली बघ."
बायकांना या वयात पित्त होतं. आमच्या आत्यालाही व्हायचं.

२० मार्च
आज ठरवलं: एकच चमचा.
झाले सहा. पण मोठ्या चमच्याऐवजी छोटा वापरला.

२४ मार्च, रविवार
चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपासकाळाबद्दल प्रवचन. यंदा मी मांस सोडलं होतं. विकत घ्यायला पैसेच नव्हते, त्यामुळे व्रत कडक पाळलं गेलं.
आईचा फोन. "आवाज छान येतोय. अंगावर मांस चढलेलं दिसतंय." फोनवर? आयांना काय दिसतं कळत नाही. म्हणाली, "मला काळजी होती, एकटा कसा करशील. बघ, जमतंय की नाही?"
जमतंय, म्हणालो.

२७ मार्च, बुधवार
हे लिहायला बसलो, दोनदा उठलो.
जलियाच्या आईला कुणा गिऱ्हाइकाने बकऱ्याचं मटण दिलं. तिने सहा तुकडे टाकले होते. तीन संध्याकाळचे, तीन पहाटेचे. मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मोजलेले आहेत हे मला कसं कळणार? मी दोन घेतले. एक फुटतच आला होता. दुसरा त्याच्या शेजारी होता.
मी खोलीत आलो. ती नमाजाहून परतली. झाकण उघडल्याचा आवाज. मग हाक. "जलिया!"
जलिया शाळेतून नुकतीच आलेली. दप्तर खांद्यावर.
"तू भांड्याला हात लावलास?"
"नाही."
"खरं बोल."
"अल्लाची शपथ, नाही."
"शपथ घेऊ नकोस! गेले कित्येक दिवस बघतेय मी. रोज भांडं खाली जातंय. मी म्हटलं, वाढतं वय आहे, जाऊ दे. पण मटण?"
नळावर पाच-सहा बायका जेरीकॅन घेऊन उभ्या. सगळ्या ऐकत होत्या.
जलियाची आई ओरडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. म्हणाली, "रोजा झेपत नसेल तर नाही झेपत. लहान आहेस, कुणी मारणार नाही. पण खोटा रोजा घेऊन माझ्या शेजारी खजूर खायला बसू नकोस." तिने एक केळं सोललं आणि मुलीच्या हातात दिलं. "खा. सगळ्यांसमोर खा."
जलिया उभी राहिली. मग खाल्लं. पावणेदोन तास राहिले होते फक्त. सतरावा रोजा.
मी बाहेर जाणारच होतो. अगदी उठलोही होतो. पण माझ्या तोंडात घास होता.

२८ मार्च
मुद्दे:
एक. मी चोरी केली नाही. मला चाखायला सांगितलं होतं. किती, ते सांगितलं नव्हतं.
दोन. मी आता बोललो तर जलियाच्या आईला वाटेल, आपण मुलीवर उगाच आळ घेतला. तिला वाईट वाटेल. तिला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहणं भाग आहे.
तीन.
तीन सुचला नाही.
चौकटीवर आज जलियाने रेघ मारली. कालची जागा रिकामी सोडली आहे.

२९ मार्च, गुड फ्रायडे
चर्चमध्ये गुडघ्यावर बसून देवाला सगळं सांगितलं, मटणासकट. मुख्य काम झालं. आता फक्त माणसांना सांगायचं राहिलं.

३० मार्च
भयंकर. जलियाची आई आज म्हणाली, "एमुरिया, यापुढे भांडं तुझ्याच ताब्यात. माझ्या मुलीवरसुद्धा माझा विश्वास राहिला नाही. तुझ्यावर आहे. तू परक्याचा मुलगा असून इतकं करतोस."
जलिया तिथेच भांडी घासत होती. तिने वर बघितलं नाही.
मी म्हणणार होतो. "अहो, ऐका ना," इतकं म्हणालोही. ती म्हणाली, "काय रे?" मी म्हणालो, "मीठ थोडं कमी आहे."
कमी नव्हतं. आता संध्याकाळी खारट झालं असणार.

३१ मार्च, ईस्टर
निश्चय. शब्दांपेक्षा कृती मोठी. मी एका संध्याकाळचं जेवण रांधून दोघींना वाढणार. आईचा राजमा, आईचं वाटण, आईचा मासा. जेवण झालं, सगळे तृप्त झाले, की हळूच सांगायचं. भरल्या पोटी माणूस क्षमाशील असतो. हे मी स्वतःवरून सांगू शकतो.
राजमा आत्ताच भिजवला. दाराला चिठ्ठी लावली: राजमा!!

२ एप्रिल, मंगळवार
राजमा भिजला होता. वासही नव्हता. दुपारी एकपासून शेगडीवर. पण त्यात मीठ मी सुरुवातीलाच टाकलं, आणि नालोंगो पाचला म्हणाली, "आधी मीठ टाकलंस? मग आता पोलीस आले तरी तो शिजणार नाही." वाटण घातलं. ते खाली लागलं. मासा घातला. तो विरघळला आणि काटे तेवढे मागे उरले.
बांग झाली. दोघी चटईवर. मी वाढलं. पहिला घास जलियाच्या आईने घेतला आणि कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला.
"छान आहे," ती म्हणाली. थोडं थांबली. "दात मजबूत होतील."
दिवसभर उपाशी असलेली बाई माझे दगड चावत होती. जलिया पाणी प्यायली, तिने खजूर खाल्ला, ताटलीला हात लावला नाही. आई तिच्यावर डाफरली, "पोराने एवढं केलंय आणि तुला मिजास?" मग हात वर करून माझ्यासाठी दुवा मागितली. लांबलचक. माझ्या परीक्षेसाठी, माझ्या आईसाठीही.
अशा दुवेच्या मध्येच कसं बोलणार?
मासे संपले. वाटणही संपलं. पोत्यात आता पीठ आहे, आणि राजमा आहेच.

५ एप्रिल, शुक्रवार
नळावर जलिया पुढे, मी मागे. बाकी कुणी नव्हतं. तिने मागे न बघता म्हटलं, "मला माहीत आहे."
"काय?"
"तुझ्या त्या निळ्या पुस्तकावर आमटीचे डाग आहेत. प्रत्येक पानावर."
विचारलं, आईला का नाही सांगितलंस?
"आईने विचारलं, तू खाल्लंस का. मी म्हटलं, नाही. कुणी खाल्लं, असं तिने विचारलंच नाही." जेरीकॅन भरला. तिने झाकण लावलं. "आणि रोज्यात कुणाच्या मागे वाईट बोलायचं नसतं. पुढे बोललं तर चालतं. म्हणून तुला सांगतेय. ईदच्या आत तू सांग."
वीस लिटरचा कॅन एका हाताने उचलून गेली. बारा वर्षांची आहे.

६ एप्रिल
आज सांगणार होतो. जलियाच्या आईकडे ईदच्या कपड्यांची गर्दी. गिऱ्हाइकांसमोर बरं दिसत नाही.

७ एप्रिल
रविवार. शुभ दिवस. पण तिचं डोकं दुखत होतं.

८ एप्रिल
माझं दुखत होतं.

९ एप्रिल, मंगळवार
उद्या ईद. चार वाजता ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "भांड्याकडे बघ हं." मी म्हणालो, नाही बघणार. आणि सांगितलं. भाषण पाठ केलं होतं, त्यात बालपण होतं, काकूचं कुलूप होतं. त्यातलं काहीच आलं नाही. एवढंच आलं: "मटण मी खाल्लं. आमटीही रोज मीच खात होतो. जलियाने काही केलं नाही."
ती शिवतच राहिली. शिवण संपली, दोरा दाताने तोडला. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.
"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी माझ्या पोरीला घरात नाही बोलले. नळावरच्या सगळ्यांसमोर बोलले. जा. तिथे सांग."
नळावर सात जणी होत्या. मी सांगितलं. नालोंगो हसत सुटली. "अरे, आम्हाला ठाऊक होतं की! चारला याचं पुस्तक उघडायचं, साडेचारला मिटायचं. आणि गाल बघा की याचे!" दुसरी म्हणाली, "आम्हाला वाटलं तिलाही ठाऊक असेल, म्हणून गप्प बसलो."
तिलाच ठाऊक नव्हतं. सबंध रांगेत माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती.
परत आलो तेव्हा पाचवीचं दार बंद होतं. भिंतीतून ऐकू येत होतं. आई काहीतरी हळू बोलत होती, मुलगी रडत होती. सतराव्या रोज्याला रडली नव्हती.

१० एप्रिल, ईद
सकाळी नमाजाहून आल्यावर दर खोलीला पुलावाची ताटली गेली. माझ्याही. जलियाने उंबऱ्यावर ठेवली, दारावर टकटक केली आणि गेली.
पश्चात्तापाने दोन घासही गेले नाहीत, असं लिहायचं होतं. पण खरं लिहायचं ठरवलंय. सगळा संपवला. मग बोटं.
ताटली धुऊन परत द्यायला गेलो. जलिया नवा झगा घालून चौकटीशी उभी होती. मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "एकोणतीस झाले." नखाने ती रिकामी जागा दाखवली. "तीस व्हायचे होते."
"आता?" विचारलं, तर म्हणाली, शनिवारी बदली रोजा करणार. शाळा नसते. "पण तो मोजायचा वेगळा. सगळ्यांबरोबरचा नाही तो. एकटीचा."
माझ्या तोंडून निघून गेलं, "एकटीचा नाही. शनिवारी मीही करतो. तुझ्याबरोबर. पाणीसुद्धा नाही."
"तुला नाही जमणार."
जलियाच्या आईने आतून ऐकलं. म्हणाली, "करू दे. जमलं तर संध्याकाळी आमच्या चटईवर ये."
ही संधी आहे. एक दिवस. एक दिवस कुणालाही जमतो.

१३ एप्रिल, शनिवार
सकाळी ५.१०. उठलो! उकड खाल्ली, दोन पातेली, तयारी म्हणून.
७.००. काहीच वाटत नाही. लोक उगाच बाऊ करतात.
८.३०. अभ्यास चालू. मन एकदम स्वच्छ. दर महिन्याला एक करावा.
९.४५. नमुना निवड, प्रकरण चार. उदाहरणात टोमॅटो आहेत. पुस्तक बदललं.
१०.१५. खोलीत बसून त्रास होतो. पाय मोकळे करून येतो. चपातीवाल्याच्या बाजूने नाही, दुसऱ्या बाजूने.
११.००. दुसऱ्या बाजूलाही चपातीवाला आहे. मला माहीत नव्हतं. त्याने "या साहेब" म्हटलं. दोन अंडी. हातात आल्यावर टाकून देणं म्हणजे अन्नाचा अपमान.
११.२०. पुन्हा सुरू. मधली वीस मिनिटं वजा केली तर दिवस जवळजवळ पूर्णच धरता येईल.
३.००. जलिया ओट्यावर बसून पुस्तकाला कव्हर घालत होती. ओठ सुकलेले. तिने विचारलं, "कसं चाललंय?" मी म्हणालो, "ठीक." ती हसली. सत्तावीस मार्चपासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "मला वाटलं नव्हतं."
३.१०. झोपतो.

संध्याकाळी ७.४०.
पावणेसातला चटईवर बोलावलं. भांडं समोर. जलियाच्या आईने आज शेंगदाण्याची आमटी केली होती. मीठ कुणी बघितलं माहीत नाही, मला विचारलं नव्हतं. बांग झाली. तिने बशीतला पहिला खजूर उचलला आणि माझ्यापुढे धरला. "आधी पाहुण्याला. आयुष्यातला पहिलाच आहे त्याचा." जलिया माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात पाण्याचा पेला होता, पण ती माझ्यासाठी थांबली होती.
मी हात पुढे केला. खजूर बोटाला लागलासुद्धा.
मग म्हणालो, "मी अकराला खाल्लं."
जलियाच्या आईने हात मागे घेतला आणि तो खजूर जलियाला दिला. "मग थांब. आधी उपाशी माणसं."
त्या जेवल्या. मी मांडीवर हात ठेवून बसलो. आमटीचा वास येत होता. मला वाटत होतं की यावेळी मी वेळेवर खरं बोललो, खजूर तोंडात जायच्या आत, याची कुणीतरी दखल घेईल. दोघी शाळेच्या फीबद्दल बोलत होत्या. जलियाने पेन्सिल आणून चौकटीवर त्या रिकाम्या जागेत रेघ मारली, जरा वेगळ्या रंगाची. मग भांडं घासून पालथं घातलं.
मी अजून थोडा वेळ बसलो. मग जलियाची आई म्हणाली, "एमुरिया, चटई गुंडाळायची आहे."
उठलो.